पाऊण सेकंद आणि साडेनऊ तास

ह्या विकांताला जरा वेगळा विषय. कोडिंग नाही, पुस्तक नाही, हापिसातली रड तर अजिबातच नाही.

आधी थोडं आठवीचं फिजिक्स. माणूस दहा फुटांवरून मोकळा पडला तर खाली पोचायला त्याला किती वेळ लागतो? दहा फूट म्हणजे तीन मीटर. सूत्रात घाला, उत्तर येतं पाऊण सेकंदाच्या किंचित वर. खाली आदळताना वेग ताशी २८ किलोमीटरच्या आसपास. डोंबिवलीच्या गल्लीतून रिक्षा जाते तेवढा. तीस फुटांवरून पडला तर ४८.

ही आकडेमोड मी आधी कधी केली नव्हती. जानेवारी २०१९ मध्ये माझा रूममेट नळीच्या वाटेत दहा फुटांवरून पडला, तेव्हा हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर केली. दुसरं काही सुचत नव्हतं. मग आणखी एक आकडा काढला. तो पडला सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी. कल्याणच्या हॉस्पिटलात स्ट्रेचरवर आडवा झाला रात्री ८ वाजून १० मिनिटांनी. साडेनऊ तास.

पडायला पाऊण सेकंद. पोचायला साडेनऊ तास.

ज्यांना नळीची वाट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे निघालात की टोकावडं, मोरोशी लागतं. तिथून पुढे आत वळलं की कोकणकड्याच्या बरोब्बर पायाशी बेलपाडा आहे. हरिश्चंद्रगड आपण 'नगर जिल्ह्यातला' म्हणतो, पण त्याच्या कोकणकड्याच्या पायथ्याचा हा भाग ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात येतो. बेलपाड्यातून वर जायला एक दगडधोंड्यांनी भरलेली घळ आहे, तीच नळीची वाट. मधे दोन-तीन ठिकाणी कातळ चढावा लागतो. आम्हाला ही वाट कळली त्याचं कारणही सांगून टाकतो. त्याच्या आधीच्या नोव्हेंबरात, म्हणजे २०१८ मध्ये, कल्याणकडचा वीसेक जणांचा एक गट कोकणकड्यावर रात्रभर अडकला होता आणि दुसऱ्या दिवशी सगळे सुखरूप सुटले होते. चॅनेलवाल्यांनी दिवसभर दाखवलं. आम्ही ते बघितलं आणि काय म्हणालो? "भारी जागा आहे यार, जायला पाहिजे." आता लिहितानाही लाज वाटतेय, पण खरं ते खरं.

असो. रूममेटचा पाय आता उत्तम आहे. नडगीची दोन्ही हाडं मोडली होती, सळी घातली, वर्षाने काढली. तो आता पुण्यात असतो, लग्नही झालं. मुद्दा तो नाही. मुद्दा असा की आमच्या कंपनीत एखादा सर्व्हर वीस मिनिटं पडला तरी दुसऱ्या दिवशी अकरा वाजेपर्यंत त्याचा रिपोर्ट लागतो. कधी पडला, कुणाला कधी कळलं, कुणी काय केलं, मूळ कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय. आणि त्यात कुणाच्या नावाने खडे फोडायचे नाहीत हा नियम. आमचा मित्र पडला, त्याचा रिपोर्ट कुणी लिहिला? कुणीच नाही. ज्या ग्रुपबरोबर गेलो होतो त्यांनी पुढच्याच शनिवारी त्याच वाटेचा ट्रेक लावला. आम्हीही फोटो टाकले ते कड्याचे. झोळीतले नाही टाकले.

मग ह्या विषयाचं खूळच लागलं. अमेरिकन अल्पाइन क्लब १९४८ पासून दरवर्षी तिकडच्या गिर्यारोहणातल्या अपघातांचा अहवाल काढतो. कोण, कुठे, कसा पडला आणि त्यातून बाकीच्यांनी काय घ्यायचं. आपल्याकडे पहिली चढाई कुणी केली ते बरोबर लक्षात असतं. कोण कुठे पडलं ते चहाच्या टपरीवर राहतं. म्हणून म्हटलं, शहापूर-मुरबाड ह्या दोन तालुक्यांपुरता तरी इतिहास पडण्याच्या बाजूने वाचून बघू.

सुरुवात शहापूरपासून. आसनगाव स्टेशनला उतरलं की समोर माहुली दिसतो. माहुली, भंडारगड, पळसगड असा जोडकिल्ला आणि बाजूला सुळक्यांची रांग. नवरा, नवरी, भटजी, वजीर. (नावं ठेवणाऱ्याला लग्नाला बरेच दिवस बोलावलं नसावं.) शहाजीराजांनी १६३६ साली जिजाबाई आणि बाल शिवाजीसह इथेच शेवटचा आश्रय घेतला होता, हे शाळेत वाचलेलं असतं. पण मला हवी होती ती नोंद १६७० ची.

पुरंदरच्या तहात गेलेले किल्ले शिवाजी महाराज त्या वर्षी परत घेत होते. फेब्रुवारीत सिंहगड आला. तानाजी, दोर, कडा, ते सगळं आपल्याला पाठ आहे. त्याच सुमारास माहुलीवर असाच रात्रीचा हल्ला झाला. माणसं माळा लावून, म्हणजे दोराच्या शिड्यांनी, वर चढली. पण किल्लेदार मनोहरदास गौड जागा होता. वर पोचलेल्यांची कत्तल झाली, कित्येक कड्यावरून खाली गेले. सुमारे हजार माणसं गेली असं इतिहासात सांगतात. पुढे मनोहरदास किल्लेदारी सोडून गेला आणि जून १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी माहुली घेतला.

आता हे काही 'स्पोर्ट' नव्हतं, युद्ध होतं, मान्य. पण कडा तोच, रात्र तशीच, दोर तसाच. एकाच महिन्यात, एकाच पद्धतीने केलेल्या दोन चढाया. यशस्वी झाली तिच्यावर पोवाडे, कादंबऱ्या, सिनेमे. फसली तिच्यावर एक परिच्छेद. माहुलीच्या पायथ्याला विकांताला शे-दोनशे पोरं येतात, त्यातल्या किती जणांना फेब्रुवारी १६७० माहीत असेल? मी स्वतः तीनदा जाऊन आलो तेव्हा मला माहीत नव्हतं.

मुरबाडच्या बाजूला ह्याहून जुनी वाट आहे, नाणेघाट. वैशाखरे गावातून चढतो. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल ह्याच घाटाने जुन्नरला जायचा. माथ्यावरच्या गुहेत राणी नागनिकेचा शिलालेख आहे. त्यात यज्ञांत किती गाई दिल्या, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापण, सगळं आकड्यांत कोरलंय. भारतातल्या अंकचिन्हांचा तो फार जुना पुरावा मानतात. आम्हा आकडेवाल्यांना हे वाचून बरं वाटतं. पण ज्यांच्या पाठीवरून आणि बैलांवरून तो माल चढत होता त्यांच्यातले किती घसरले ह्याचा आकडा नाही. दोन हजार वर्षांचा ट्रॅफिक, अपघात शून्य! इतकं चांगलं लॉगिंग आमच्या टेस्टिंगवाल्यांचंच असतं.

ह्यानंतरची तारीख १८१८. पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी सह्याद्रीतले किल्ले पुन्हा कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून त्यांच्या वाटा मोडल्या, पायऱ्यांना सुरुंग लावले. नाणेघाटाच्या डोक्यावरच्या जीवधनला आजही मधला टप्पा कातळावर हातपाय मारत पार करावा लागतो, तो ह्यामुळे. आपण त्याला मोठ्या कौतुकाने 'रॉक पॅच' म्हणतो. तो रॉक पॅच निसर्गाने नाही केला, तिथे जिना होता आणि तो उडवला. थोडक्यात काय, आपण रविवारी ज्या थरारासाठी चारशे रुपये भरतो तो दोनशे वर्षांपूर्वीच्या मोडतोडीचा उरलेला भाग आहे. मोरोशीचा भैरवगड घ्या. डाइकची, म्हणजे लाव्हाच्या भेगेत घट्ट झालेल्या दगडाची सरळसोट भिंत, तिच्यात कोरलेल्या पायऱ्या आणि मधेच त्या गायब. पूर्वी तिथे ठरलेले लोक जायचे, आता सोशल मीडियावरच्या रीळने सगळं मुरबाड तिथे नेऊन ठेवलंय.

दगडाचंही बघायला हवं. सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक थर. एक थर कडक, त्याखालचा भुसभुशीत, मधेच तांबडी माती. कडक थर सरळ तुटतो म्हणून कडे, आणि मऊ थर झिजतो म्हणून कड्यांच्या मधे गवताळ, घसरडे टप्पे. हिमालयातला किंवा युरोपातला ग्रॅनाइट धरला की धरला. आपल्याकडे हातात आलेला धोंडा डोंगराचा भाग आहे की पाहुणा, हे ओढून बघितल्याशिवाय कळत नाही. माझा रूममेट पडला तो अशाच पाहुण्याला धरून. त्यात पावसाळ्यात शेवाळ, ऑक्टोबरनंतर वाळलेलं गवत जे बुटाखाली तेलासारखं सरकतं, मार्चनंतर ऊन. इथली माणसं नुसती पडून जखमी होत नाहीत. उष्माघात होतो, कड्यातली आग्यामोहळं उठतात, धबधब्याच्या डोहात बुडतात. पावसाळ्यात ठाण्याचे जिल्हाधिकारी मुरबाड-शहापूरच्या धबधब्यांवर जायला मनाई करतात, तो आदेश वाचण्यासारखा असतो. नुसती गावांची यादी वाचली तरी तालुक्याचा नकाशा पाठ होतो.

आणि दोर. दोराची गोष्ट इथली नाही पण इथपर्यंत येते म्हणून सांगतो. १४ जुलै १८६५ ला स्वित्झर्लंडमधलं मॅटरहॉर्न पहिल्यांदा सर झालं आणि उतरताना एक जण घसरला. सात जण एकमेकांना बांधलेले. चार गेले, तीन वाचले, कारण मधला दोर तुटला. तो दोर बाकीच्यांपेक्षा जुना आणि बारीक होता. लोकांनी संशय घेतला, कापला का म्हणून. चौकशी झाली, जबाब लिहून घेतले गेले. तुटलेला तुकडा आजही झरमॅटच्या संग्रहालयात आहे. पुढे दुसऱ्या महायुद्धात नायलॉन आलं आणि ताणला जाणारा दोर मिळाला. आज चढाईचा दोर ऐंशी किलोच्या वजनाने तपासतात, झटका बारा किलोन्यूटनच्या आत राहिला पाहिजे, कारण त्याच्या वर माणसाचं शरीर तग धरत नाही. म्हणजे दोर तुटण्याचा प्रश्न बराचसा सुटला. पण रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून उतरायला, ताणला न जाणारा दोर लागतो आणि सगळा भार खिळा नाहीतर झाड, ज्याला बांधलंय त्याच्यावर. कड्याच्या धारेवर घासतो तो वेगळाच. चढणारा पडेल ह्याची तयारी दोराने केलेली असते. उतरणाऱ्याचा आधारच निघाला तर दोराला करण्यासारखं काही उरत नाही.

आपल्याकडे हा खेळ संस्था काढून सुरू झाला तो १९५४ च्या सुमारास. आदल्या वर्षी एव्हरेस्ट झालं होतं. दार्जिलिंगला तेनसिंगची संस्था निघाली १९५४ ला आणि मुंबईत गिरिविहार निघाली तीही १९५४ ला. पुढची चाळीसेक वर्षं हौशी माणसांची. नोकरी सांभाळून, शनिवारी रात्रीची कसारा लोकल किंवा शेवटची एसटी पकडून जाणारी. परदेशी सामान महाग आणि दुर्मिळ, मग मेखा लोहाराकडून ठोकून घ्यायच्या आणि एकच दोर चार संस्थांत फिरायचा. ह्या पिढीबद्दल मला फार आदर आहे. रोमँटिक वगैरे नाही, तांत्रिक आदर. एवढ्याशा हार्डवेअरवर एवढं मोठं काम.

आणि त्यांच्यापुढचं सगळ्यात मोठं काम होतं कोकणकडा. आत वळलेला, अर्धगोल, पायथ्यापासून अठराशे फूट वगैरे सांगतात. १८३५ मध्ये कर्नल साइक्सने छापलेल्या हवामानाच्या निबंधात हरिश्चंद्रगडावरून दिसणाऱ्या गोल इंद्रधनुष्याची नोंद आहे. इंद्रवज्र. साहेबाने कड्याच्या काठावर उभं राहून खाली ढगात आपली सावली बघितली. खाली उतरायचा विचार मात्र ऐंशीच्या दशकातल्या मुंबईकरांना सुचला. कोकणकड्यावरून पहिल्यांदा दोरावर उतरण्याचं श्रेय अरुण सावंतांना दिलं जातं. ड्यूक्स नोजचं व्हॅली क्रॉसिंग, सांधण दरीची वाट लोकांपर्यंत आणणं, हेही त्यांच्या नावावर सांगतात. सांधण दरी आहे समरदला, नगर जिल्ह्यात, पण ती खाली उतरते शहापूरच्या डेहण्याकडे. आज सांधणला जाणाऱ्या गर्दीला हे नाव ठाऊक नसतं. (आम्हालाही नव्हतं. २०१७ ला गेलो होतो, तेव्हा दरीत मॅगी मिळते हे मात्र आधीपासून ठाऊक होतं.)

१८ जानेवारी २०२० ला, शनिवारी, अरुण सावंत कोकणकड्याच्याच बाजूला माकडनाळेत कोसळले. तीसेक जणांची मोहीम होती, दोराचं काम चालू होतं. मृतदेह सापडला दुसऱ्या दिवशी. वय साठच्या घरात. ज्या कड्याने नाव दिलं त्याच कड्यात गेले, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. मला तो सूर आवडला नाही. कडा नाव देत नाही आणि जीवही घेत नाही. तिथे चाळीस वर्षं दोर लावणारा माणूस हजारो वेळा बरोबर वागला असणार. पण संख्याशास्त्र निर्दय असतं. प्रत्येक वेळी चुकायची शक्यता हजारात एक धरली आणि माणूस दोन हजार वेळा धारेवर गेला, तर एकदाही काही न होण्याची शक्यता राहते फक्त साडेतेरा टक्के. (हा हजारात एकचा आकडा माझा, समजण्यापुरता. गणित मात्र खरं आहे.) नवशिक्या पडतो अज्ञानाने. जाणता पडतो तो बहुतेक वेळा नुसता जास्त वेळा गेला म्हणून.

सावंतांना शोधायला उतरले ते पुन्हा गिर्यारोहकच आणि पायथ्याच्या गावची माणसं. इथे मला माझ्या दुसऱ्या आकड्याकडे यायचंय. साडेनऊ तास.

सह्याद्रीत कुणी पडलं की काय व्हायचं? कुणीतरी पळत खाली जायचं, गावात सांगायचं, पोलीस पाटलाकडून निरोप जायचा, गावकरी वर यायचे. पुढे संस्थांनीच आपल्या आपल्या तुकड्या उभ्या केल्या. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र सगळ्यांना माहीत आहे. अशा तुकड्या ठिकठिकाणी होत्या, पण एकमेकांना फोन लावण्यातच अर्धा दिवस जायचा. २०१४ मध्ये राज्यात १०८ ची रुग्णवाहिका सुरू झाली, म्हणजे डांबरी रस्त्यापर्यंत आणलेल्या जखमीचा प्रश्न सुटला. २०१६ मध्ये राज्यातल्या गिर्यारोहण संस्थांच्या महासंघाने बचाव समन्वय केंद्र काढलं. एक नंबर, तो उचलणारे स्वयंसेवक, ते जवळची तुकडी शोधून देणार. हे सगळे लोक दिवसा नोकऱ्या करतात, बरं का. पगार शून्य. आमच्याकडे रात्री ऑन-कॉल राहायचा भत्ता मिळतो तरी आम्ही कुरकुरतो.

सरकारचं म्हणाल तर उच्च न्यायालयातल्या एका जनहित याचिकेनंतर २०१४ ला नियम आले, त्यावर संस्थांनी हरकती घेतल्या, २०१८ च्या जुलैत नवे आले, आणि २०२१ ला साहसी पर्यटनाचं धोरण. प्रशिक्षित लीडर, विमा, प्रथमोपचार, सगळं कागदावर नीट आहे. आम्ही गेलो तेव्हा त्या नियमांना सहा महिने झाले होते. आमच्या लीडरकडे प्रथमोपचाराच्या पेटीत बँडेड, आयोडेक्स आणि इलेक्ट्रॉल होतं. वय एकवीस. माझ्याएवढाच. त्याला दोष देऊन काय करू? मी विचारलं होतं का आधी? मी फक्त नाश्त्याला काय आहे ते विचारलं होतं.

हे एवढे टप्पे झाले, पण रस्ता आणि घळ ह्यांच्यामधला तुकडा आजही तसाच आहे. तिथे ना १०८ येते ना धोरण. तिथे झोळी येते.

आमच्यासाठी बेलपाड्यातून पाच जण आले. सगळ्यात पुढे एक म्हातारे बाबा, साठीपलीकडचे असतील, अंगात शर्ट, पायात साध्या चपला. वर येतायेताच त्यांनी कोयत्याने एक लांब बांबू तोडून घेतला होता. आल्याआल्या रूममेटच्या पायाकडे बघितलं आणि म्हणाले, "मोडलाय. टेकवू नको पोरा." एवढंच. आम्ही ट्रेकिंग पोल आणि स्लीपिंग मॅट गुंडाळून पाय बांधला होता. ते त्यांनी हलवलं नाही, फक्त वरून एक पंचा आणखी आवळला. घोंगडी बांबूला बांधली, त्यात त्याला घातलं. सपाटीला झोळी, धोंड्यांवर चौघांच्या हातांवर आणि दोन कातळटप्प्यांवर एकाच्या पाठीवर बांधून. आम्ही चार तासांत चढलो होतो तेवढं त्यांनी ओझ्यासकट तीन तास वीस मिनिटांत उतरवलं.

मी त्यातल्या एका तरुणाला विचारलं, दादा, तुम्हाला हे कुणी शिकवलं? मला वाटलं, एखाद्या संस्थेने शिबिर वगैरे घेतलं असेल. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "शिकवायचं काय त्यात? आमची माणसं अशीच न्यायची ना दवाखान्यात."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांतून बाळंतिणीला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या आजही येतात. पावसाळ्यात ओढा आडवा आला की तिथेच बाळंत होतात. साप चावलेला, तापाने फणफणलेलं पोर, सगळे ह्याच बांबूवरून. ठाकूर, महादेव कोळी, कातकरी लोकांचं हे रोजचं तंत्र आहे आणि आपण त्याला 'माउंटन रेस्क्यू' म्हणून बातमीत टाकतो. तेही पेशंट मुंबईचा असला तर.

म्हणून मग शेवटी, सहा वर्षं उशिरा, आमच्या घटनेचा रिपोर्ट. हापिसातल्याच साच्यात लिहितो.

ठिकाण: नळीची वाट, बेलपाडा, ता. मुरबाड. जानेवारी २०१९. बारा जण, एक लीडर.

काय झालं: सकाळी साडेसहाला निघालो. १०.४० ला पहिल्या कातळटप्प्याच्या वर एक सुटा धोंडा धरून जखमी खाली आला. अंदाजे दहा फूट. डोक्याला मार नाही, ते निव्वळ नशीब. हेल्मेट कुणाकडेच नव्हतं.

कळवलं कधी: घळीत रेंज नाही. ११ ला दोघे खाली निघाले, सव्वाएकला पाड्यात पोचले. वाट दोनदा चुकले. बचाव केंद्राचा नंबर कुणाकडेही नव्हता.

मदत कधी आली: २.५० ला. तोवर चार तास दहा मिनिटं जखमी उन्हात. पाणी संपलेलं.

खाली: ३.१० ला निघून ६.३० ला पाडा, म्हणजे अंधार पडतापडता. गावातल्याच एका जीपने डांबरीपर्यंत, पुढे १०८. ८.१० ला कल्याण.

मूळ कारण: धोंडा ओढून न बघणं, हे वरवरचं. एक जण पडला तर खाली कसं न्यायचं, हा प्रश्न बारा जणांपैकी एकालाही आदल्या रात्री पडला नव्हता, हे खरं.

काय बरोबर झालं: पाय हलवला नाही. दोघांनाच खाली पाठवलं, बाकीचे जागेवर थांबले. पाड्यातल्यांनी काम सोडून येणं.

खर्च: पाच माणसांचा एक रोज. आम्ही पैसे दिले. बाबांनी मोजले, त्यातले पाच जणांच्या रोजाचे ठेवले आणि उरलेले परत दिले.

नुकसान: जखमीची नडगी. एक घोंगडी फाटली. आणि बाबांचा कोयता वर घळीत राहिला. पाड्यात पोचल्यावर त्यांच्या ते लक्षात आलं. मी म्हटलं, बाबा, मी नवीन आणून देतो. ते म्हणाले, नको, मूठ चांगली बसलीय त्याची, सकाळी जाऊन आणतो.